चाड्यावरची मूठ

डिसेंबर २०१९ मधला शेवटचा शनिवार. एका बाजूला नाताळ, दुसऱ्या बाजूला नववर्ष, आणि दोहोंच्या मध्ये सापडलेली सगळी मुंबई घाटाच्या दिशेने निघालेली. आम्ही मुंबईतले एक लग्न आटोपून पुण्याला घरी परतत होतो. खालापूरचा टोलनाका ओलांडून घाटाला लागलो तशी गाडी आधी रेंगाळली, मग थांबली, मग थांबूनच राहिली. मागे बसलेली माझी नऊ वर्षांची मुलगी दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न विचारत होती.

"आई, पुढे काय झालंय?"

अपघात झाला असेल, मी म्हटले. ट्रक बंद पडला असेल, नवऱ्याचे मत पडले. एवढ्या मोठ्या खोळंब्याला तितकेच मोठे कारण हवे, अशी आपली एक समजूत असते. दोन तासांनी अमृतांजन पुलाच्या दगडी खांबांमधून अंग चोरत आम्ही पुढे सरकलो, खंडाळ्यापाशी रस्ता मोकळा झाला आणि गाडी भरधाव निघाली. वाटेत ना अपघात दिसला, ना बंद पडलेला ट्रक. मुलीला फसवले गेल्यासारखे वाटले. "काहीच तर झालं नव्हतं!" ती म्हणाली.

ते खरेच होते. घाटाच्या खाली द्रुतगती मार्गाच्या सहा मार्गिका आणि जुन्या महामार्गाच्या चार एकत्र येतात, आणि घाटाच्या मधल्या टप्प्यात या दहांची वाहने सहांमधून जातात. वर खंडाळ्याला दोन्ही रस्ते पुन्हा आपापल्या वाटेने जातात. दहाचे सहा होतात, एवढेच 'झालेले' असते, आणि ते रोजच झालेले असते. रोज निभावून जाते, म्हणून दिसत नाही. गर्दीच्या दिवशी दिसते.

अशा जागेला आपण सरळ 'बॉटलनेक' म्हणतो. मराठीत त्याला शब्द नाही अशी तक्रारही अधूनमधून ऐकू येते. मला ती पटत नाही. एकच एक शब्द नसेल, पण निरनिराळ्या अरुंदपणाचे निरनिराळे शब्द आपल्याकडे आहेत. खिंड, बारी, बोळ, गोमुख. सह्याद्रीसारखी भिंत उशाशी असलेल्या मुलखाला हे शब्द न सुचते तरच नवल. देश आणि कोकण यांच्यामधले सारे दळणवळण शतकानुशतके मोजक्या अरुंद वाटांनीच झाले. नाणेघाटात सातवाहनांच्या शिलालेखाजवळ एक दगडी रांजण आहे, तो जकातीचा अशी परंपरा सांगते. खरे-खोटे काहीही असो, कल्पना अचूक आहे. जिथे वाट अरुंद, तिथेच जकात बसते, तिथेच पहारा बसतो आणि तिथेच लढाई होते.

आम्ही ज्या घाटात खोळंबलो होतो त्याच्या दक्षिणेला, डोंगरांच्या त्याच रांगेत, उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची मोठी फौज तिथे गाठली. झाडीतून जाणारी चिंचोळी वाट, पुढे मावळे, मागे मावळे. मैदानात जी फौज कुणालाच आवरली नसती ती त्या वाटेत एका रांगेइतकी उरली. खान खंडणी देऊन सुटला. रायगडाच्या महादरवाजाची रचनाही याच हिशेबाची. दोन बुरुजांच्या कुशीत दडलेले वळणाचे प्रवेशद्वार शत्रूला धावत येऊ देत नाही. इथे अरुंदपणा हा दोष नव्हे, ते शस्त्र आहे. मात्र त्याच्यामागे शस्त्र धरणारा हात आहे.

तसाच हात मला लहानपणी दुसऱ्या एका ठिकाणी दिसला होता. माझे आजोळ खटाव तालुक्यातले. ज्वारीच्या पेरणीला तिफणीवर लाकडी चाडे बांधलेले असे. चाडे म्हणजे पसरट तोंडाचे एक भांडे, त्याच्या बुडाशी भोके, आणि त्या भोकांतून खाली फणांकडे गेलेल्या नळ्या. बैल चालत, मामा तिफण धरी आणि आजी चाड्यावर मूठ धरून मागून चाले. ओटीत पायलीभर बी, पण जमिनीत जायचे ते तिच्या बोटांच्या फटीतून. "मूठ सैल सोडली तर बी एका जागी सांडतं, आवळली तर रान मोकळं राहतं," ती म्हणायची. आमच्याकडे पेरणी सुरू झाली असे कुणी म्हणत नसे. चाड्यावर मूठ धरली, असे म्हणत.

घटिकापात्राचेही तेच. तांब्याच्या वाटीला तळाशी बारीक छिद्र, वाटी पाण्याने भरलेल्या गंगाळात सोडलेली. पाणी त्या छिद्रातून हळूहळू वर येते आणि चोवीस मिनिटांनी वाटी बुडते. एक घटिका झाली. त्या वाटीचा सगळा गुण तिच्या छिद्रात आहे. ते मोठे केले तर पाणी लवकर भरेल, पण काळ मोजता येणार नाही. तिथेही वाटी बुडाल्याबरोबर टोला देणारा आणि ती रिकामी करून पुन्हा सोडणारा माणूस बसलेला असे.

बोरघाटातली रेल्वे ही या दृष्टीने पाहावी. घाटातून गाड्या नेता येतील असा रस्ता १८३० मध्ये झाला, गव्हर्नर माल्कमच्या काळात. रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. पंचवीस बोगदे, आणि दर सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ. चढाचे काम घेणारा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि ते काम त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, पुढे चालवले. एवढे करूनही डोंगराने एके ठिकाणी वळायला जागा दिली नाही. मग खंडाळ्याच्या खाली गाडी पुढे न्यायची, थांबवायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचे आणि उलट दिशेने वर काढायचे, असा उपाय निघाला. नवा मार्ग होऊन १९२९ मध्ये ती उठाठेव संपेपर्यंत, म्हणजे साठ-पासष्ट वर्षे, तो सारा लोहमार्ग त्या एका जागेच्या गतीने चालला. चढाला मागून रेटा देणारी इंजिने कर्जतला जोडावी लागत, म्हणून गाड्या कर्जतला थांबत. आणि गाड्या थांबत म्हणून कर्जतचा बटाटावडा प्रसिद्ध झाला. अडलेल्या जागी संसार उभे राहतात ते असे.

ती जागा अडचणीची होती यात शंका नाही. पण ती अडचण सगळ्यांना ठाऊक होती. तिच्यासाठी माणसे नेमलेली होती, वेळापत्रक तिला विचारून आखले जात होते. अडचणीला कुणीतरी वाली होता.

आता मूळ विषयाकडे येते. इतका वेळ मी त्याच्या कडेकडेने चालते आहे, याची मला जाणीव आहे.

मी वास्तुरचनाकार आहे. २००६ ते २००९ या काळात मुंबईतल्या एका कचेरीत नोकरी करत होते आणि आमच्याकडे परळ भागातल्या एका जुन्या गिरणीच्या जागेवर कार्यालयांची इमारत उभारण्याचे काम आले होते. गिरणगावाची कथा सर्वांना माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही, आणि गिरण्या एकेक करून थंड पडल्या. १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते. एक महापालिकेला, मोकळ्या जागांसाठी. एक घरबांधणीला. एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांमध्ये मोकळी जमीन ती कितीशी असणार? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला आणि मग टॉवर वर चढू लागले. आमचाही त्यातलाच एक.

जिन्यांचा हिशेब माझ्याकडे होता. हे काम मन लावून करण्यासारखे असते. कार्यालयात दर दहा चौरस मीटरमागे एक माणूस धरायचा. आमचे वीस हजार चौरस मीटर, म्हणजे दोन हजार माणसे. आग लागली तर ही दोन हजार माणसे किती जिन्यांनी उतरतील, जिना किती रुंद हवा, सर्वांत दूरच्या टेबलापासून जिन्याचे दार किती अंतरावर, दार कुठल्या दिशेला उघडते, हे सारे मी पुन्हा पुन्हा तपासले होते. एका मजल्यावर दाराची रुंदी थोडी कमी भरली म्हणून भिंत हलवायला लावली होती, आणि त्याचा मला अभिमानही होता.

जागेचा नकाशा मात्र कुंपणाच्या भिंतीपाशी संपत होता. भिंतीबाहेर लगतचा रस्ता, त्याची रुंदी, उत्तर दिशेचा बाण. आणि कोपऱ्यात आणखी एक छोटा बाण : 'स्टेशनकडे'. तो बाण मीच काढला होता.

त्या काळात मी रोज डोंबिवलीहून परळला उतरत असे आणि मध्य रेल्वेचे परळ व पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावरून पलीकडे जात असे. सकाळी साडेनऊ ते साडेदहा या वेळात त्या पुलावर चालता येत नसे, फक्त वाहत जाता येई. उतरायचा जिना अरुंद. त्याच्या तोंडाशी आले की दोन्ही हात छातीशी घ्यायचे, पिशवी पुढे धरायची आणि पायरी डोळ्यांनी न पाहता पावलांनी शोधायची. मी मनातल्या मनात लोकांना शिव्या देत असे. शिस्त नाही, घाई सुटलेली, आणखी काय काय. कचेरीत पोचून मी माझे जिने तपासायला बसे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे तीन वर्षांत मला एकदाही सुचले नाही.

ते सुचवले मामाने. आजीच्या पुढे तिफण धरणारा मामा पुढे गिरणीत लागला होता आणि संपानंतरही चाळीतली खोली धरून परळलाच राहिला होता. एकदा त्याच्याकडे जेवायला गेले असता मी पुलाचे रडगाणे गायले. गिरण्या चालू होत्या तेव्हा तर अडीच लाख माणसे होती, मग तेव्हा या स्टेशनात काय होत असेल, असे मी विचारले. तो हसला.

"गिरणीत जायाला गाडी कशाला लागती गं? भोंगा झाला की जिना उतरायचा. आमी कुठं ठेसन बघितलं?"

एवढे साधे उत्तर होते. गिरणीची माणसे गिरणीच्या आसपास राहत. पायी येत आणि पायी जात. शिवाय ती तीन पाळ्यांत वाटलेली असत. आमच्या दोन हजार माणसांपैकी जवळजवळ कुणीच तिथे राहणार नव्हते. ती विरार, कल्याण, पनवेलहून येणार होती, आणि सगळी दहा वाजता येणार होती. पूल अरुंद झालेला नव्हता, होता तेवढाच होता. आम्ही त्याच्या एका बाजूची दुनिया रुंद करत होतो. दहाचे सहा होण्याची ही दुसरी तऱ्हा, इथे सहा तसेच ठेवून मागे दहा आणून उभे करतात.

मी हे कचेरीत बोलले का? एकदा बोलले. वरिष्ठांनी ऐकून घेतले आणि ते आपल्या कक्षेत येत नाही, असे सांगितले. ते खोटे बोलत नव्हते. खरोखरच ते कुणाच्याच कक्षेत येत नव्हते. इमारतीचा नकाशा मंजूर करणाऱ्यांना कुंपणाच्या आतले पाहायचे होते, रस्त्याचे खाते रस्त्यापुरते पाहत होते, आणि रेल्वेला आपल्या हद्दीबाहेर किती मजले चढत आहेत हे विचारायचे कारण नव्हते. प्रत्येकाचा कागद आपापल्या जागी बिनचूक होता. मी गप्प बसले. पुढे लग्न होऊन पुण्याला आले.

२९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी दसरा होता. सकाळी साडेदहाच्या सुमाराला मोठी सर आली. जिन्याच्या पायथ्याशी पोचलेली माणसे पावसात जाईनात, छपराखाली थांबली. बाटलीला बूच बसावे तसे झाले. मागे दोन्ही स्थानकांत गाड्या येतच होत्या आणि माणसे उतरतच होती. मग जिन्यावर रेटारेटी झाली. कुणाची फुले पडली, हिंदीतले 'फूल' कुणाला 'पुल' असे ऐकू आले आणि पूल पडल्याची आवई उठली, अशी एक हकीकत नंतर वर्तमानपत्रांत आली. तेवीस माणसे गेली. चौकशी झाली तेव्हा कारण म्हणून पावसाचे नाव पुढे आले. त्या जागी नवा पूल आधीच मंजूर झालेला होता. कागदावर.

अशा वेळी लोक चेंगराचेंगरीला 'बेशिस्त' म्हणतात. मीही म्हणत होते, म्हणून सांगते. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे झाली की त्यातला कुणीही स्वतःच्या इच्छेने हलत नाही. गर्दी पाण्यासारखी होते, मागचा धक्का लाटेसारखा पुढे जातो, आणि माणसे बरेचदा पायाखाली येऊन नव्हे तर उभ्या उभ्या श्वास कोंडून मरतात. डर्क हेल्बिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली संगणकावर गर्दीचे गणित मांडून दाखवले होते की अरुंद दारापाशी जितकी घाई वाढेल तितकी माणसे हळू बाहेर पडतात, कारण दाराच्या तोंडाशी एकमेकांत अडकून त्यांची कमान तयार होते. पिठाच्या गिरणीत वरून ओतलेले दाणे कधी कधी असेच अडतात. तेव्हा गिरणीवाला दाण्यांना बेशिस्त म्हणत नाही. तो पेटीवर दोनदा थाप मारतो. त्याचे लक्ष तिथेच असते.

म्हणून आता मला वाटते की अरुंद जागेशी आपले भांडण नसावे. सगळेच रुंद कधीच करता येत नाही. एक ठिकाण मोकळे केले की अडचण पुढच्या ठिकाणी जाऊन बसते. कारखान्यांच्या संदर्भात एलियाहू गोल्डरॅट यांनी 'द गोल' या १९८४ मधल्या कादंबरीतून हेच सांगितले : साखळीत सर्वांत मंद जागा एक असतेच, तिथे गेलेला तास हा सगळ्या कारखान्याचा गेलेला तास असतो, तेव्हा आधी ती कुठे आहे ते शोधा आणि बाकी सगळे तिच्या कलाने चालवा. म्हणजेच, चाड्यावर मूठ धरा. माझ्या आजीला यात नवे काही वाटले नसते. आपला दोष अरुंदपणाचा नाही, बेवारसपणाचा आहे. त्या पुलावर तिकीट तपासणारे होते, फुले विकणारे होते, घोषणा देणारा कर्णा होता. पण 'आता वरून सोडू नका' म्हणणारी मूठ कुणाचीच नव्हती.

दुर्घटनेनंतर सैन्याच्या बॉम्बे सॅपर्सनी तिथे नवा पूल बांधला. २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तो खुला झाला. त्याच वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. इतकी वर्षे जे होत नव्हते ते काही महिन्यांत झाले, याचा आनंद मानावा की संताप, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मी गेले होते तो पूल पाहायला. मधोमध उभी राहिले तर मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, थांबू नका." बरोबरच होते त्याचे.

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीने द्रुतगती मार्ग ओस पडलेला असताना, अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडला. १८३० सालचा पूल. त्याचे खांब रस्ता आवळत होते, आणि तो पाडायला रस्ता रिकामा मिळत नव्हता. मी मुलीला ती चित्रफीत दाखवली.

"म्हणजे आता आपण अडकणार नाही?"

"थोडं पुढे जाऊन अडकू," मी म्हटले.

ती हसली, पण मी गंमत केलेली नव्हती.

पुण्यात माझी आता छोटीशी कचेरी आहे. कामे लहान असतात. शाळेची एखादी इमारत, दवाखाना, क्वचित कार्यालय. नकाशा पुरा झाला की एका संध्याकाळी मी त्या जागेच्या फाटकापासून जवळच्या बसथांब्यापर्यंत किंवा स्टेशनापर्यंत चालत जाते. वाटेत सर्वांत अरुंद जागा कुठे लागते ते पाहते आणि टेप लावून मोजते. कधी तो पदपथावरचा विजेचा डबा असतो, कधी नाल्यावरची फळी, कधी जिन्याचे तोंड. आमच्या इमारतीतली किती माणसे किती वाजता तिथे पोचतील, याचा अंदाज त्या रुंदीपुढे लिहिते आणि तो कागद मालकाला देते, एक प्रत महापालिकेच्या कार्यालयात देते. तो कुणी मागितलेला नसतो. बहुतेक वेळा त्याचे काही होत नाही. एकदा शाळेपुढची फळी जाऊन तिथे काँक्रीटचा रुंद साकव आला. तो माझ्या कागदामुळेच आला असे मी म्हणणार नाही.

'स्टेशनकडे' असा बाण मी अजूनही काढते. फक्त आता तो कुंपणापाशी थांबवत नाही. कागद पुरला नाही तर दुसरा जोडते आणि स्टेशन येईपर्यंत ओढत नेते.